आगोटीच्या बरण्या

मंडळाच्या वर्धापनदिनाला स्मरणिका काढायची ठरली तेव्हा कोणी कशावर लिहायचे याची वाटणी झाली. एकीने देवळे घेतली, एकीने रेवदंड्याचा किल्ला घेतला, शाळेतल्या बाईंनी शाळेचा इतिहास घेतला. मला काय, असे विचारले तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या कोठीच्या खोलीवर लिहा." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी आल्यावर वाटले, बाई बोलल्या त्यात तथ्य आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. राजे आणि लढाया मला सांगता यायच्या नाहीत. कोठीच्या खोलीतल्या बरण्यांविषयी मात्र मला बरेच सांगता येईल, आणि त्यांनाही इतिहास आहे.

आपले नागाव हे अष्टागरातले. आक्षी, चौल, रेवदंडा, थळ, किहीम ही सगळी माडापोफळीची गावे. १८८३ साली इंग्रज सरकारने कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर छापले, त्यात अलिबाग-रेवदंडा किनाऱ्यावरील माडांच्या बागांचे वर्णन आहे. (जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली.) आमच्या घरीही आजेसासऱ्यांच्या वेळच्या हिशेबाच्या लांबट वह्या आहेत. त्यांत नारळ किती उतरले, सुपारी किती मणाला गेली, पाडेल्याला काय दिले, हे सारे पैशापैशाने लिहिलेले आहे. परंतु त्याच वाडीत आंबे होते, फणस होते, विहिरीजवळ कोकमाची दोन झाडे होती, आवळा, बिंबली, पपनस, लिंबे होती. त्यांचा एक शब्द त्या वह्यांत नाही. कारण उघड आहे. ती फळे बाजारात गेली नाहीत, ती बरण्यांत गेली. जे विकले ते वहीत आले, जे घरात खाल्ले ते कोणी लिहिले नाही. वहीत घामाचे मोल पुरुषांच्या बाजूला लागले आणि बायकांच्या बाजूला लागले नाही, असे मी म्हटले तर घरातली वडील मंडळी रागावणार नाहीत अशी आशा आहे.

थंड देशांत फळे बरणीत भरतात ती हिवाळ्यासाठी. बाहेर बर्फ पडते, काही उगवत नाही, म्हणून. आपल्याकडे तो हिवाळा पावसाळ्यात येतो. वैशाख उतरला की कोकणातल्या बाईच्या अंगात आगोटीचे वारे शिरते. मृगाच्या आत सगळे घरात आले पाहिजे. भात कणगीत, लाकडे पडवीत, सुकी मासळी टांगणीला, पापड-कुरडया डब्यांत, आणि फळे बरण्यांत. पूर्वी शिडाची गलबते चार महिने बंदरात ओढून ठेवीत, ती नारळी पौर्णिमेनंतरच पाण्यात जात. वाटा चिखलाच्या, खाड्या फुगलेल्या. भाजी म्हणावी तर रानातला टाकळा आणि कुर्डू. अशा दिवसांत पेजेच्या ताटलीत मिठातल्या कैरीची फोड पडली की माणूस जेवला असे म्हणायचे. आज आपण लोणच्याला तोंडीलावणे म्हणतो. तेव्हा पुष्कळ घरांत तेच कालवण होते.

फळ मिठात घालून टिकवण्याची ही विद्या किती जुनी, याचा शोध घेताना माझ्या मुलाने मला मोरोक्कोच्या एका प्रवाशाची हकीकत वाचून दाखवली. इब्न बतूता त्याचे नाव. चौदाव्या शतकात तो हिंदुस्थानात आला होता. कच्चे आंबे, लिंबे, आले आणि मिरी मिठात मुरवून इथले लोक घासाघासाबरोबर खातात, हे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे पूर्वेकडच्या सफरीत एका राणीने त्याला चार मोठ्या बरण्या भेट दिल्या. त्यांत आले, मिरी, लिंबू आणि आंबे होते, समुद्रप्रवासासाठी घालतात तसे खारवलेले. या बरण्यांना त्याने मर्तबान म्हटले आहे. ब्रह्मदेशात मर्तबान नावाचे बंदर होते, तिथून या चकचकीत मातीच्या बरण्या सगळीकडे जात, म्हणून बरणीलाच ते नाव पडले. उत्तरेकडे अजूनही लोणच्याच्या बरणीला मर्तबान म्हणतात. म्हणजे लोणचे हे घरात बसून राहणाऱ्यांचेच नव्हे, ते खलाशांचेही अन्न. शेजारच्या चौलला हजार वर्षांपूर्वी अरबांची गलबते लागत होती. त्यांच्या शिदोरीत आपल्या किनाऱ्यावरची कैरी नसेल असे मला तरी वाटत नाही.

इथे आक्षीच्या शिलालेखाची आठवण होते. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा तो लेख. मराठीतला सर्वांत जुना शिलालेख म्हणून त्याची ख्याती आहे आणि तो आपल्या शेजारच्या गावचा. त्यात लढाईचे वर्णन नाही. देवीच्या बोडणासाठी धान्य नेमून दिल्याचा मजकूर आहे. बोडण म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको. दगडावर कोरलेली पहिली मराठी बायकांच्या परातीतल्या अन्नाविषयी आहे, हे आपल्या शाळेत एखाद्या बाईंनी मोठ्याने सांगायला हवे.

त्यानंतर पोर्तुगीज आले. रेवदंड्याला त्यांनी १५२१ च्या सुमारास गढी बांधायला घेतली आणि १७४० साली ते तिथून गेले. समोर कोर्लईला पोर्तुगीज मिसळलेली बोली अजून बोलतात. त्यांच्यातला गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य गोव्यात राहत असे. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते, आणि तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते असे त्याने कौतुकाने लिहिले आहे. आंबा साखरेत घालतात, सिरक्यात घालतात, आत ओले आले आणि लसूण भरून तेलामिठात घालतात, हेही त्याने नोंदवले. आता पहा, साडेचारशे वर्षांपूर्वीची ही भरली कैरी! माझ्या आजेसासूबाई आले-लसूण भरूनच कैरी करीत. त्यांना ओर्ता कुठून ठाऊक असणार? ओर्तालाच कोणा बाईने खाऊ घातली असणार. कोकमाविषयीही त्याने लिहिले आहे. त्याची सुकी साले समुद्रापार नेऊन त्यांचा सिरका करीत असत.

मिरची मात्र तोवर आपली नव्हती. ती पोर्तुगीजांच्या मागून अमेरिका खंडातून आली, तशीच पपई, अननस आणि काजू. त्याआधीचे लोणचे मिरी, आले आणि मोहरी यांच्या तिखटावर चाले. उपासाच्या दिवशी आमच्याकडे लिंबू घालतात ते केवळ मीठ, मिरी आणि आले घालून. मला वाटते, ती जुनी रीत उपासाच्या आडोशाने जिवंत राहिली. हापूसही त्यांचाच. कलमे बांधण्याची कला त्यांनी इथे रुजवली आणि आपल्या आफोन्सो द अल्बुकर्क या सेनापतीचे नाव आंब्याला मिळाले. त्या हापूसने पुढे काय केले ते नंतर सांगते.

आता आमच्या वाडीकडे येते. मी २००१ साली लग्न होऊन नागावात आले. तेव्हा आजेसासूबाई होत्या. त्यांचे वय नव्वदीच्या घरात, डोळ्यांना कमी दिसे, अक्षरओळख नव्हती. पण वाडीतला रायवळ आंबा त्या नुसत्या कैरीच्या वासावरून ओळखीत. आमच्याकडे रायवळाची सात झाडे होती आणि सातांना सात नावे. विहिरीवरचा आमट्या. गोठ्यामागचा खोबऱ्या, त्याची कैरी कच्ची खाल्ली तर खोबऱ्यासारखी कुरकुरे. कुंपणाकडचा शेप्या, त्याला शेपूचा वास. साखऱ्या, शेंदऱ्या, केळ्या, आणि एक नुसताच 'म्हातारा'. ही नावे कागदावर कुठेही नव्हती. ती सासूकडून सुनेकडे आली. आणि नुसती नावे नव्हेत, कोणत्या झाडाचे काय करायचे हेही त्याबरोबर आले.

आमट्या लोणच्याचा. बाठ धरल्यावर त्याची कैरी आडकित्त्याने फोडायची, फोडीला बाठीचा तुकडा राहिला पाहिजे, म्हणजे ती वर्षभर विरघळत नाही. खोबऱ्याच्या कोवळ्या कैऱ्या अख्ख्या मिठात. त्यांच्यावर धुतलेला गोटा ठेवायचा, म्हणजे त्या खाराच्या वर येत नाहीत. केळ्याची कैरी लांबट आणि कमी रेषेची, ती मुरंब्याला. साखऱ्या किसून गुळांब्याला. शेंदऱ्या आणि शेप्या पिकू द्यायचे. त्यांचा रस पातळ आणि रेषाळ असतो, तो ताटाला तूप लावून उन्हात घालायचा. थरावर थर चढवून त्याची साठे करायची. म्हाताऱ्याच्या कैऱ्या वाऱ्याने फार पडत. पडलेल्या कैऱ्यांची आंबोशी करायची, म्हणजे एकही फळ वाया जात नसे. आमट्याचा मुरंबा केला तर साखर दीडपट लागते, आणि केळ्याचे लोणचे घातले तर दिवाळीपर्यंत त्याचा लगदा होतो. हे कोणी पुस्तकात लिहिलेले नाही आणि लिहिता येणारही नाही, कारण ते आमच्याच सात झाडांना लागू आहे. तुमच्या वाडीत दुसरी झाडे, दुसरे शास्त्र.

वाचता येत नसल्यामुळे आजेसासूबाई बरण्यांवर चुन्याच्या बोटांनी खुणा करीत. एक बोट आमट्या, दोन बोटे खोबऱ्या, आडवी रेघ म्हणजे गेल्या सालचे. दादरा बांधायची दोरीही वेगवेगळी असे. काथ्याची दोरी म्हणजे घरच्यासाठी, सुताची म्हणजे मुंबईस जायची. आमचे चुलत सासरे मुंबईत गिरणीत होते. रेवसहून लाँचने त्यांची बरणी जाई. १९८२ सालच्या गिरणी संपात ते बायकामुलांसह घरी आले आणि दोन पावसाळे इथेच राहिले. सासूबाई सांगतात, पहिल्या आगोटीला आजेसासूबाईंनी कोणाला काही न विचारता दुप्पट कैरी उतरवून घेतली. वाडीच्या वहीत त्या सालचे नारळ तेवढेच आहेत. घरात माणसे मात्र पाच वाढली होती.

त्या तरुणपणीच विधवा झालेल्या. वाडी दिरांच्या नावावर, नारळाचा पैसा पुरुषांच्या हातात. त्यांच्या कमरेला फक्त कोठीची किल्ली होती. पण त्या किल्लीवर त्यांनी लेकीचे बाळंतपण केले, गड्याच्या घरी आजारपणात मोरावळा पोचवला, कोणाशी अबोला झाला तर साठाची सुरळी पाठवून मिटवला. बायकांची सत्ता कुठे होती असे विचारणाऱ्यांनी अशा घरांतील किल्ल्यांकडे पाहावे. बरण्यांना शिवाशिवीचे जे नियम होते, अमक्या दिवसांत हात लावायचा नाही, सावली पडू द्यायची नाही, ते मला पटले नाहीत आणि मी पाळले नाहीत. लोणचे नासले नाही. ओल्या हाताची भीती मात्र खरी आहे, आणि ओला हात बाईचा असो की पुरुषाचा, बुरशी दोघांना सारखीच ओळखते.

बरणीच्या तीन सोबती म्हणजे मीठ, तेल आणि साखर. यांच्या तीन तऱ्हा. मीठ आपल्या जिल्ह्याचेच, पेण-उरणच्या मिठागरांतले खडे मीठ. इंग्रजांच्या राज्यात मिठावर कर होता. १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह आपण पुस्तकात वाचतो, पण आगोटीला पायलीने मीठ लागणाऱ्या घरात तो कर म्हणजे काय होता, हे कोठीतल्या बाईला विचारायला हवे होते. तो कर १९४७ साली गेला.

तेल घाण्याचे. आपल्या भागात तेलाचे घाणे पुष्कळदा बेने इस्रायली मंडळींचे असत. ते ज्यू, शनिवारी काम करीत नसत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. अलिबागेत इस्रायल आळी आजही आहे. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक घरे इस्रायल देशात गेली. मराठी बोलणारी ती माणसे तिकडे कैरीचे लोणचे घालीत असतील, आणि तिकडची उन्हे चांगली कडक असल्यामुळे ते मुरतही असेल.

साखरेची तऱ्हा निराळी. आमच्या घरात पूर्वी गुळांबाच होई, साखरांबा आजाऱ्यासाठी आणि पाहुण्यासाठी. १९४३ पासून मुंबईत रेशनिंग आले, साखर मोजून मिळू लागली. पुढे १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्यामागून आणखी झाले, आणि आपला महाराष्ट्र साखरेचे घर झाला. तरी माझ्या लहानपणीसुद्धा रेशन दुकानावर साखरेसाठी पिशवी घेऊन उभे राहिल्याचे मला आठवते. मुरंब्यात फळापेक्षा साखर अधिक लागते ती गोडीसाठी नव्हे. साखर किंवा मीठ भरपूर असले की ते पाणी धरून ठेवते, बुरशीला आणि जंतूंना प्यायला पाणी उरत नाही. तेलाचे काम हवा अडवण्याचे. म्हणून 'साखर कमी घालून मुरंबा' असे कोणी सांगितले तर तो फ्रिजमध्येच ठेवावा.

कोकमाविषयी थोडके सांगते, कारण त्यात खरी घाई असते. फळ वैशाखात पिकते आणि पाऊस तोंडावर असतो. साले काढायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची. पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. अशी सात पुटे दिली की आमसूल काळे आणि मऊ होते. उरलेला खारा रस म्हणजे आगळ. सरबतासाठी मात्र वाट्या साखरेने भरून काचेच्या बरणीत घालायच्या आणि बरणी उन्हात ठेवायची. आवळा थंडीत येतो, त्याला घाई नाही. करवंदे डोंगराकडच्या कातकरी-ठाकूर बायका पानाच्या द्रोणात घेऊन येत. त्यांना बदल्यात जुने लोणचे आणि तांदूळ द्यायचे.

चिनीमातीची बरणी सर्वांकडे नसे. तिला कळकट व्हायला वेळ लागतो आणि आंबट-खारट तिला काही करीत नाही, म्हणून ती लेकीला सासरी देण्याजोगी वस्तू. आमच्याकडे एका बरणीचा कान तुटलेला आहे, पण ती कोणी टाकत नाही. बरणी भरण्यापूर्वी उन्हात तापवायची, मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्याच्या धुरावर उपडी धरायची. काच त्यामानाने उशिरा आली. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ साली निघाला. लोकांनी एकेक पैसा वर्गणी देऊन जमवलेल्या फंडातून तो उभा राहिला. मग १९१६ साली ओगलेबंधूंचा कारखाना निघाला, ज्यांचा प्रभाकर कंदील घरोघर टांगलेला असे. काचेच्या बरणीचा गुण असा की आत काय चालले आहे ते दिसते. आजेसासूबाई म्हणत, हा गुण नाही, दोष आहे, पोरांना दिसते.

आंब्याचा रस बाटलीत भरून ठेवण्याची रीत आपल्याकडे त्याहून अलीकडची. तिची मूळ कथा फ्रान्स देशातली आहे. निकोला आपेर नावाचा एक मिठाईवाला होता. जाड काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, घट्ट बूच मारून, त्या बाटल्या पाण्यात उकळल्या तर अन्न महिनोन्महिने टिकते, हे त्याने वर्षानुवर्षे खटपट करून दाखवले. फ्रान्सच्या सरकारने १८१० साली त्याला १२,००० फ्रँक दिले आणि त्याने कृती छापून प्रसिद्ध केली. ते का टिकते हे त्यालाही माहीत नव्हते. जंतूंची गोष्ट लुई पाश्चरने सांगितली ती पुढे पन्नासएक वर्षांनी. मिठाईवाल्याने आधी करून दाखवले, शास्त्रज्ञाने मागून कारण सांगितले. स्वयंपाकघरात बहुधा असाच क्रम असतो.

आपल्या मंडळाचे बूच मारायचे हातयंत्र सर्वांना ठाऊक आहे. पत्र्याची झाकणे दाबून बसवणारे ते लोखंडी यंत्र मे महिन्यात एका घरी एक दिवस, असे गावभर फिरते. आपेरची बाटली नागावात आली ती त्या यंत्राच्या पायांनी. बाटल्या मोठ्या हंड्यात उभ्या करायच्या, तळाला गोणपाट, म्हणजे त्या आपटून फुटत नाहीत. रस आंबट असला तर ही रीत चालते. गोड, आंबटपणा नसलेल्या वस्तूंना नुसते उकळणे पुरत नाही, त्यात विषारी जंतू राहू शकतात. यासाठी फणसाच्या गऱ्यांना बाटलीत भरण्याचा हट्ट कोणी करू नये, त्यांची पोळीच घालावी.

पाककृतींची पुस्तके आली तशी ही विद्या कागदावरही आली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र १८७५ सालचे. सारस्वत महिला समाजाने रसचंद्रिका काढली, तीही आपल्यासारख्या एका मंडळाच्याच बायकांची कामगिरी. कमलाबाई ओगले यांची रुचिरा १९७० साली आली. कमलाबाई चौथीपर्यंतच शिकल्या होत्या असे वाचले तेव्हा मला हा लेख लिहायला धीर आला. वाटी-चमच्याचे माप त्यांनी घरोघर पोचवले याबद्दल त्यांचे उपकार आहेत. पण पुस्तकात 'कैऱ्या १२' असे असते. कोणत्या झाडाच्या, ते नसते. पुस्तकाचा तो दोष नाही, बाजारात कैरीला नाव नसते.

आणि आता नावाची झाडेही राहिली नाहीत. १९९० साली सरकारने रोजगार हमीतून फळबागांची योजना आणली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोयकलमाची सोपी रीत शिकवली, आणि कोकणात हापूसची कलमे जिकडे तिकडे उभी राहिली. त्यात वाईट काही नाही, कित्येकांच्या मुलांची शिक्षणे त्यावर झाली. पण हापूस लावायला जागा हवी आणि रायवळाला गिऱ्हाईक नाही. आमचा साखऱ्या आणि शेप्या त्या वेळी गेले. नंतर किनाऱ्यावर पर्यटक येऊ लागले आणि वाड्यांत कॉटेजेस झाल्या. आमच्याही दोन खोल्या आहेत, आणि त्यांचा पैसा नारळापेक्षा बरा येतो हे मी लपवीत नाही. त्या खोल्यांच्या पायाला केळ्या गेला. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत.

मग २०२० साल. मार्चअखेरपासून टाळेबंदी, आंबा मुंबईला जाईना, पाहुणे नाहीत. झाडावरच पिकून पडणारे फळ पाहवेना, म्हणून त्या वर्षी आम्ही आगोट केली ती पूर्वीच्या मापाने. घरातल्या साऱ्या बरण्या भरल्या, कान तुटलेलीसुद्धा. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. मृग लागायला चारपाच दिवस होते, कोकमाला पाचवे पूट दिलेले होते, तेवढे कसेबसे माजघरात ओढले. त्या दुपारचे वर्णन मी करीत नाही, सगळ्यांनी ते भोगले आहे. संध्याकाळी वारा पडल्यावर बाहेर आलो तर वाडीतून समुद्र दिसत होता. तो आमच्या ओटीवरून पूर्वी कधीही दिसला नव्हता. पोफळी काड्यांसारख्या मोडलेल्या, माड आडवे, आमट्या विहिरीवर पडलेला, खोबऱ्या मुळासकट उपटलेला. म्हातारा नावाप्रमाणे म्हातारा, तो तेवढा राहिला.

पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती. फ्रिजमधले सारे फेकून द्यावे लागले. कौले उडालेल्या घरांत पाऊस येत होता. मागच्या आळीतली चार कुटुंबे आमच्या पडवीत होती, आणि आम्ही सगळे भात, आमसुलाचे सार आणि मिठातली कैरी जेवत होतो. नुकसानभरपाईचे पंचनामे झाले, त्यांत झाडांची संख्या लिहिली गेली. आंबा, नग अमुक. आमट्या काय आणि खोबऱ्या काय, त्या तक्त्यात दोघे एकच.

सासूबाईंनी त्या वर्षीच्या आमट्याच्या आणि खोबऱ्याच्या दोन बरण्या उघडू दिल्या नाहीत. एक-एक वर्ष करीत त्या राहिल्या. खोबऱ्याच्या कोयी आम्ही रुजवल्या होत्या, तीन रोपे आली. पण रायवळाची कोय म्हणजे मूल, ते आईसारखे होईलच असे नाही. कलमासाठी जिवंत फांदी हवी होती, आणि झाड तर सुकून गेले होते. मग कळले की आजेसासूबाईंनी लेकीला आक्षीला दिली तेव्हा खोबऱ्याचे एक कलम तिच्या सासरी बांधून नेले होते. ते झाड उभे आहे. गेल्या पावसाळ्यात तिथून काड्या आणून चार कलमे बांधली, त्यांतली दोन जगली आहेत.

मंडळातर्फे बरण्या विकाव्यात असा विषय सभेत दोनदा निघाला. १९५५ साली फळांच्या पदार्थांसाठी सरकारी हुकूम निघाला होता, आता २००६ चा अन्नसुरक्षेचा कायदा आहे, त्याखाली नोंदणी करावी लागते. ती आपण करू शकतो, अवघड नाही. कॉटेजमधले पाहुणे जाताना लोणचे मागतातच. माझे म्हणणे एवढेच की चिठ्ठीवर नुसते 'कैरीचे लोणचे' असे लिहू नये, झाडाचे नाव लिहावे.

त्यासाठी मी एक शंभर पानी वही केली आहे. गावात फिरून आतापर्यंत एकेचाळीस नावे मिळाली. त्यांतली निम्मी झाडे उभी आहेत. एकेका नावापुढे वाडी, झाड कुठे आहे, फळ कसे आणि त्याचे काय घालतात, असे चार रकाने आहेत. देवळाकडच्या आळीतली आणि समुद्राकडच्या वाड्यांतली नावे अजून यायची आहेत. ज्यांना ठाऊक असतील त्यांनी हळदीकुंकवाला येताना सांगावीत, घरात म्हाताऱ्या सासूबाई असतील तर आधी त्यांना विचारून यावे. वही माझ्याकडे कोठीच्या खोलीत, बरण्यांच्या फळीवर आहे.